तिळाएवढा तुकडा

शिर्केकाकांनी खण ओढला तेव्हा
डांबरगोळ्यांचा वास आधी आला, पक्षी नंतर.
पाठीवर निजवलेली, चोच मिटलेली,
डोळ्यांच्या जागी कापूस,
पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.
बेटाचं नाव कसरीनं खाल्लेलं,
उरलं होतं फक्त ‘मादी’ आणि ‘वादळानंतर’.

“फार नका कापू हं,” काका म्हणाले,
जणू तिला दुखेल.
तळपायाचा तिळाएवढा तुकडा खरवडून
मी नळीत टाकला. नळीवर लिहिलं : ब-१९.
काकांनी वहीत नोंद केली,
दोनदा सही घेतली.

फतेगंजमधल्या आमच्या प्रयोगशाळेतून
समुद्र दिसत नाही.
दिसते पाण्याची टाकी, टाकीवर घारी.
उणे वीसच्या फ्रीजरमध्ये मात्र
माझ्याकडे दोन बेटं आहेत :
थोरल्याची एकसष्ट पिसं,
धाकट्याचे चौदा थेंब रक्त.

हे पेट्रेल पाखरू हजारो कोस भटकतं
आणि जिथं जन्मलं त्याच खडकात, रात्रीच्या रात्री,
बिळात उतरतं.
समोरचं बेट दिसतं, तिथं जात नाही.
तेवढ्यासाठी हा खटाटोप : ही एक की दोन?
एक असली तर साडेतीन हजार जोड्या, बरं चाललंय.
दोन असली तर धाकट्या बेटावर एकशेदहा,
आणि तिथं उंदीर पोचलेत.

आई विचारते, “पिसं सारखी, चोच सारखी,
मग वेगळी कशावरून?”
मी म्हणते, आपण खिडकीला बारी म्हणतो ना, त्यावरून.
पुण्याची मावसबहीण अजून हसते.
“बारीला बारी नाही तर काय म्हणायचं,”
म्हणत आई उठते,
बारी लावते, डास येतात म्हणून.

उपमा चुकलीच माझी.
शब्द उसना घेता येतो शेजारणीकडून,
अगदी वाटीभर साखरेसारखा.
रक्तातली अक्षरं अशी कुंपणावरून देता येत नाहीत.
पण आईला एफएसटी कसं सांगू?

मंगळवारी चार तास लाइट नव्हती.
हेतल धावत खाली गेली
आणि गोळेवाल्याची बर्फाची लादीच उचलून आणली.
दोन बेटं त्या रात्री
कालाखट्ट्याच्या वासात राहिली.

मग पडद्यावर ठिपके आले.
थोरलं बेट निळं, एका गठ्ठ्यात.
धाकटं नारिंगी, लांब.
मधे कोरी जागा, बोटभर.
हेतलनं टेबलावर थाप मारली.
मी ब-१९ शोधत होते.
निळ्यात नव्हती, नारिंगीत नव्हती.
वर, डाव्या कोपऱ्यात,
जिथं आपण आकडे लिहायला जागा सोडतो, तिथं.

वाटलं, माझंच काहीतरी शिरलंय नळीत,
कातडी, थुंकी, घाई.
हातमोजे बदलून पुन्हा केलं. पुन्हा तिथंच.
आणखी एकदा. तिथंच.
चित्रे सर बराच वेळ बघत राहिले.
“एका नमुन्यावर बोलता येत नाही,” म्हणाले.
बरोबर आहे त्यांचं.

निबंधात दोन उपजाती असतील.
धाकट्या बेटाला स्वतःचं नाव मिळेल,
कदाचित उंदरांसाठी पिंजरेही.
ब-१९ पुरवणीत, तक्ता सातमध्ये,
तळटीपेत.

“कुठली निघाली?” काकांनी विचारलं.
इथली नाही, म्हटलं, आणि तिथलीही नाही.
ते थोडा वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, “चिठ्ठीचा दोरा विरलाय.”
टेबलाच्या कप्प्यातून त्यांनी
उत्तरायणाची उरलेली फिरकी काढली, गुलाबी.
“मांजा नाही ना?” “छे, सादा आहे. हात लावून बघा.”

दोन वेढे, गाठ, दातानं तोडला.
खण नेहमीसारखा अर्ध्यात अडला,
गुडघ्यानं ढकलावा लागला.
वहीत शेवटचा रकाना होता :
परत केल्याची तारीख.
काकांनी पेन माझ्यापुढे धरलं
आणि धरूनच राहिले.